अण्णांचं शेवटचं रिटर्न

अण्णांवर, म्हणजे माझ्या वडिलांवर, २०२४-२५ सालात एक रुपयाचाही टॅक्स बसत नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचताना कुणालाही वाटेल की काहीतरी मोठी रक्कम असणार, कुठेतरी काहीतरी लपवलेलं असणार, म्हणून एवढं लांबलं. तसं काही नाही. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेला माणूस, महिन्याला ३८ हजार पेन्शन, आणि रिटायरमेंटला मिळालेले पैसे एका बँकेत एफडीत. बास. या शून्य टॅक्ससाठी मी आणि आई गेल्या जूनपासून झगडतोय, आता जानेवारी २०२६ उजाडला तरी अर्धं काम बाकीच आहे, आणि हे सगळं मला एकदा लिहून काढायचंय.

अण्णा १९ नोव्हेंबर २०२४ ला गेले. त्याच महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बँकेत जाऊन हयातीच्या यादीवर सही करून आले होते. आई अजून सांगते, येताना मंडईतून मेथी आणली होती.

त्यांची एक खाकी फाईल आहे, नाडीवाली. वरती निळ्या पेनाने 'आयकर'. आत प्रत्येक वर्षाची पोच, त्याला जोडून फॉर्म १६, बँकेचं व्याजाचं सर्टिफिकेट, आणि जुन्या वर्षांच्या पोचांना तर बंगलोरच्या इन्कम टॅक्स ऑफिसला पाठवलेल्या स्पीड पोस्टची पावतीसुद्धा टाचलेली. पहिल्या पानावर त्यांनी रेघा मारून तक्ता केलाय, आकारणी वर्ष (उत्पन्नाच्या पुढचं वर्ष), रिटर्न भरल्याची तारीख, रिफंड किती, कधी आला. शेवटची ओळ आ.व. २०२४-२५ ची, पुढे लिहिलंय 'पोच मिळाली'. त्याखाली रेघा मारलेल्या आहेत, पण रिकाम्या.

त्याच फाईलमधे मला एप्रिल २०२४ च्या १५एच ची पोच सापडली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ६० च्या पुढच्या माणसाचा वर्षाचा टॅक्स शून्य होणार असेल तर तो बँकेला १५एच भरून द्यायचा, की माझ्या व्याजावर टीडीएस, म्हणजे हातात यायच्या आधीच कापला जाणारा टॅक्स, कापू नका. अण्णा हा फॉर्म एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात न चुकता द्यायचे. पोचेवर बँकेचा शिक्का आहे, काऊंटरवरच्या माणसाची सही आहे, तारीख आहे. फक्त तो फॉर्म बँकेच्या सिस्टिममधे कुणी चढवलाच नाही. आणि मग वर्षभर दर तिमाहीला १० टक्के कापत गेले. १ लाख ८४ हजार व्याज, १८,४०० टीडीएस.

मी पोच घेऊन बँकेत गेले तेव्हा समोरच्या बाईंनी ती उलटसुलट करून बघितली आणि म्हणाल्या, "मॅडम, आता क्वार्टर क्लोज झाला ना, रिटर्नमधे क्लेम करा." हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. आपली चूक नसते, कागद आपल्याकडे असतो, तरी निस्तरायचं आपणच, आणि सांगतात असं की जणू एक बटण दाबायचंय.

तर रिटर्नमधे क्लेम करायचा म्हणजे काय ते आता सांगते.

माणूस वर्षाच्या मधेच गेला की त्याच्या उत्पन्नाचे दोन तुकडे होतात. १ एप्रिलपासून गेला त्या तारखेपर्यंतचं उत्पन्न त्याच्या नावावर, त्याच्याच पॅनवर, पण रिटर्न भरायचं कायदेशीर वारसाने. त्यानंतरचं उत्पन्न वारसाचं, म्हणजे आमच्याकडे आईचं. ऐकायला बरोबर वाटतं आणि मला हा नियम चुकीचाही वाटत नाही. पण एफडी आईच्या नावावर व्हायला मार्चअखेर आली, तोपर्यंत व्याज आणि टीडीएस सगळं अण्णांच्या पॅनवरच चालू. २६एएस, म्हणजे पॅनवर कापलेल्या टॅक्सचा उतारा, उघडलं तर त्यात अण्णा ३१ मार्चपर्यंत व्याज कमावतायत.

मग मी वही घेऊन बसले. १९ नोव्हेंबरपर्यंतचं व्याज १ लाख १७ हजार, त्यावरचा टीडीएस ११,७०० अण्णांचा. उरलेलं ६७ हजार आणि ६,७०० आईचे. अण्णांची पेन्शन साडेसात महिन्यांची थोडी वर, साधारण २ लाख ९० हजार. पेन्शन आणि व्याज मिळून ४ लाख ७ हजार, त्यातून ७५ हजार स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे पगार-पेन्शनवरची सरसकट वजावट, गेलं की ३ लाख ३२ हजार. नव्या रेजिममधे त्या वर्षी ३ लाखांपर्यंत काही नाही, वरच्या ३२ हजारांवर ५ टक्के म्हणजे १,६००, आणि तेही ८७ए च्या रिबेटमधे, म्हणजे कमी उत्पन्नाला मिळणाऱ्या माफीत, जातात. शून्य. आईची फॅमिली पेन्शन महिन्याला २३ हजार, साडेचार महिन्यांची मिळून लाखभर, आणि ते व्याज. ती तर ३ लाखांच्या आसपाससुद्धा नाही. तीही शून्य.

इथे एक गोष्ट मधेच सांगते कारण बरेच जण चुकतात. फॅमिली पेन्शन 'पगारात' दाखवायची नसते, ती 'इतर उत्पन्नात' जाते. तिला ७५ हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन मिळत नाही, एक तृतीयांश किंवा २५ हजार यातलं जे कमी ते वजा होतं, आणि जुन्या रेजिममधे तर १५ हजारच. नवऱ्याची पेन्शन ती पगार आणि त्याच पेन्शनचा बायकोला मिळणारा भाग तो मात्र 'इतर', हे आईला समजावून सांगताना मला काय बोलावं कळेना. ती म्हणाली, "अगं पण ह्यांच्याच नोकरीचे आहेत ना ते?" आहेत. पण रकाना वेगळा आहे.

आणि फॉर्म कोणता? माझा स्वतःचा आयटीआर-१, म्हणजे रिटर्नचा सगळ्यात सोपा फॉर्म, असतो, अर्ध्या तासात होतो, तेच डोक्यात. पण ज्याच्या उत्पन्नावरचा टीडीएस दुसऱ्याच्या पॅनवर कापला गेलाय त्याला आयटीआर-१ चालत नाही. ६६ वर्षांच्या बाईला, जिचं उत्पन्न पेन्शन आणि एफडीचं व्याज एवढंच, आयटीआर-२. अण्णांनाही आयटीआर-२, कारण त्यांच्यात दाखवायचं की एवढा टीडीएस दुसऱ्या व्यक्तीच्या हातात चाललाय. आणि टीडीएस असा दुसऱ्याकडे वळवायचा तर नियम ३७बीए, त्याप्रमाणे बँकेला डिक्लरेशन द्यायचं आणि बँकेने आपली टीडीएसची माहिती तशी दुरुस्त करायची. मी नियमाची प्रिंट काढून परत त्याच बँकेत गेले. तीन टेबलं फिरले. कुणी ऐकलंच नव्हतं. शेवटी पत्र ठेवून घेतलं, पोच दिली, आणि माझ्या मनात तेव्हाच आलं की ही पोचही त्या १५एच सारखीच फाईलमधे राहणार.

एका सीएंना दाखवलं. चांगले गृहस्थ आहेत, फीसुद्धा फार सांगितली नाही. पण ते म्हणाले, "ताई, अण्णांचं रिटर्न तेवढं भरा, आईंचे ६,७०० सोडून द्या. एवढ्याशा पैशासाठी दोन आयटीआर-२ आणि वर नोटिशीची शक्यता, कशाला डोक्याला ताप." त्यांच्या जागी ते बरोबर असतील. पण मला ते पटलं नाही आणि आजही पटत नाही. ६,७०० म्हणजे आईचा तीन महिन्यांचा औषधांचा खर्च आहे. आणि रक्कम सोडा, एका माणसाने शिक्का मारून घेतलेला कागद खणात टाकला म्हणून दुसऱ्याने आपले पैसे सोडून द्यायचे, असं किती घरांत होत असेल? ज्यांच्याकडे रिटर्न भरून देणारी मुलगी नाही, लॅपटॉप नाही, त्यांनी काय केलं असेल? त्यांनी सोडूनच दिले असतील.

आता वारस म्हणून नोंदणी. इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर आईच्या लॉगिनमधून 'रिप्रेझेंटेटिव्ह' म्हणून अर्ज करायचा, मृत्यूचा दाखला, अण्णांचं पॅन, आईचं पॅन, आणि वारस असल्याचा पुरावा अपलोड करायचा. पुराव्यात आम्हाला सोयीचं हे की फॅमिली पेन्शनची ऑर्डर चालते, नाहीतर कोर्टातून वारस दाखला काढायचा म्हणजे नोटीस, मुदत, वकील, त्यातच वर्ष गेलं असतं. पेन्शनचं काम तसं बरं झालं होतं, फेब्रुवारीत चालू झाली, मागचे महिनेही एकदम मिळाले. म्हटलं ऑर्डर आहे, झालं काम.

अर्ज नामंजूर होऊन आला. कारण, नाव जुळत नाही.

आईच्या पेन्शनच्या कागदावर तिच्या नावाला 'बाई' लागलेलं आहे. अण्णांनी ऐंशीच्या दशकात सर्व्हिस बुकात वारसाचं नाव लिहून दिलं तेव्हा तसंच लिहायची पद्धत होती. पॅनवर 'बाई' नाही. आधारवर आहे, पण जोडून नाही, मधे जागा सोडून. आणि अण्णांच्या मृत्यूच्या दाखल्यावर त्यांच्या नावापुढे 'राव' आलंय, पॅनवर नाही. आपल्याकडे कुणाच्या घरी हे नसेल सांगा? माहेरचं नाव, सासरचं नाव, आडनाव आधी का नंतर, मधलं नाव बापाचं का नवऱ्याचं, राव, बाई, ताई, मास्तरांनी शाळेत लिहिलं ते एक आणि तलाठ्याने लिहिलं ते एक. आयुष्यभर कुणाचं काही अडलं नाही. आता त्या दोन अक्षरांवरून माझ्या आईला सिद्ध करायचं होतं की जिच्याशी लग्नाला ४५ वर्षं झाली ती बायको हीच.

ॲफिडेव्हिट केलं. पूर्वी १०० च्या स्टॅम्पवर व्हायचं, ऑक्टोबर २०२४ मधे तो ५०० चा झाला. आईला घेऊन कराडला कोर्टाबाहेर नोटरीकडे गेलो, जुलैचा पाऊस, तिथे पत्र्याखाली बाकावर बसून तिने सही केली. सही करायच्या आधी तिने पूर्ण वाचलं. 'मयत पती' हा शब्द आला तिथे बोट ठेवून थांबली, मग पुढे वाचलं. मी काही बोलले नाही.

दुसऱ्यांदा अर्ज मंजूर झाला.

तोपर्यंत रिटर्न भरायची मुदत वाढली होती ते एक बरं झालं. मे महिन्यातच ३१ जुलैची तारीख १५ सप्टेंबर केली गेली होती, कारण फॉर्ममधेच बदल झालेले. आणि आयटीआर-२ पोर्टलवर भरता येण्यासारखा व्हायलाच जुलै लागला. मुदत नसती वाढली तर आमचं काही खरं नव्हतं.

रिटर्न भरायला बसले १३ सप्टेंबरला, शनिवारी. मुद्दाम दोन दिवस आधी, तर सगळा देशच बसलेला. पान उघडायचं, फिरत राहायचं, भरलेलं पुसून परत लॉगिनवर न्यायचं. एआयएस, म्हणजे खात्याकडे असलेली आपल्या उत्पन्नाची वर्षभराची माहिती, डाऊनलोड केलं, त्याचा पासवर्ड म्हणजे पॅन छोट्या अक्षरात आणि पुढे जन्मतारीख, अण्णांची जन्मतारीख टाईप करताना हात थांबला जरा. एआयएसमधे त्यांच्या मृत्यूनंतरच्या व्याजासमोर 'ही माहिती दुसऱ्या पॅनची आहे' असा फीडबॅक दिला. मग शेड्यूल टीडीएस, तिथे अण्णांकडून ६,७०० दुसऱ्या व्यक्तीच्या हाती, आईच्या फॉर्ममधे तेच ६,७०० अण्णांच्या पॅनसकट. दोन टॅब शेजारी शेजारी, एकात मयत, एकात वारस. रात्री साडेअकराला दोन्ही सबमिट झाले.

आणि मग ओटीपी.

ही गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली म्हणून नीट सांगते. आईच्या आधारला मोबाईल नंबर अण्णांचा आहे. आधार काढायचे कॅम्प लागले होते तेव्हा घरात एकच मोबाईल होता, दोघांनी तोच दिला. तुमच्याही आईवडिलांचं असंच असेल, बघा एकदा. नंबर बदलायला तेव्हा आधार केंद्रावर बोटाचा ठसा द्यावा लागत होता. आम्ही दोनदा गेलो. आईचे ठसे उठत नाहीत. भांडी, शेण, शेतातली खुरपणी, पुढे संधिवात, बोटांवरच्या रेघा गुळगुळीत झाल्यात. मशीनवर बोट ठेवायची, तो मुलगा म्हणायचा, "मावशी, जरा दाबून", दाबून ठेवायची, लाल लाईट. म्हणून अण्णांचं सिम मी चालू ठेवलंय. दर ८४ दिवसांनी रिचार्ज. फोन आईकडे असतो, दिवाणखान्यातल्या कपाटात, चार्जिंग करून. त्यावर अण्णांच्या फिरायला जाणाऱ्या ग्रुपचे सकाळचे मेसेज अजून येतात.

तर त्या रात्री साडेअकराला मी पुण्यातून आईला फोन लावला, तिने उठून अण्णांचा फोन काढला, चष्मा शोधला. ओटीपी १५ मिनिटं चालतो. ती जोडीने वाचायला लागली, त्र्याहत्तर, एकोणसाठ, अठ्ठेचाळीस. मी म्हटलं, आई, एकेक आकडा सांग. सात. तीन. पाच. नऊ. चार. आठ. तिचा आवाज अगदी सावकाश, शाळेत पाढे म्हटल्यासारखा. अण्णांचं रिटर्न व्हेरिफाय झालं. मग दुसरा ओटीपी, तिच्या स्वतःच्या रिटर्नचा, तोही अण्णांच्याच फोनवर. झाल्यावर तिने विचारलं, "आता झालं ना ह्यांचं सगळं?" मी म्हटलं, झालं.

झालं नव्हतं.

आईचे पैसे नोव्हेंबरमधे आले, व्याज धरून ६,९७०. म्हणजे जे सोडून द्या म्हणत होते ते मिळाले, हे मुद्दाम सांगतेय, कुणी अशाच फेऱ्यात असेल तर सोडू नका. वर मिळालेलं २७० रुपये व्याज पुढच्या रिटर्नमधे दाखवायला विसरू नका, तेही उत्पन्न धरतात.

अण्णांचे ११,७०० मंजूर झाले, १४३(१) चं, म्हणजे रिटर्न तपासून झाल्याचं पत्र आलं, त्यात सगळा हिशोब आमच्या वहीतल्यासारखाच, टॅक्स शून्य. पण रिफंड फेल. कारण पैसे जमा व्हायला अण्णांच्या पॅनला जोडलेलं, व्हॅलिडेट झालेलं खातं लागतं, आणि अण्णांचं पेन्शनचं खातं तर मृत्यूचा दाखला दिल्यावर बँकेने बंद केलं. तसंच करायला सांगतात. आईचं खातं घातलं तर पॅन जुळत नाही म्हणून व्हॅलिडेशन फेल. तीच बाई वारस म्हणून मंजूर आहे, तिच्याच आधारने रिटर्न व्हेरिफाय झालंय, तिचंच खातं पैसे घ्यायला मात्र चालत नाही. मी तक्रार टाकली. उत्तर आलं, बँक खातं व्हॅलिडेट करून रिफंड रीइश्यूची रिक्वेस्ट टाकावी. आणि तक्रार बंद. परत टाकली, या वेळी ॲफिडेव्हिट, वारस म्हणून मंजुरीचं पत्र, आईच्या खात्याचा कॅन्सल चेक, सगळं जोडून. ती अजून चालू दाखवतेय.

मला राग टॅक्सचा नाही येत, अण्णांनाही नव्हता, नोकरीत असताना टॅक्स कापून गेल्यावर ते म्हणायचे, आपल्याला पगारही त्यातूनच मिळतो. राग याचा येतो की अण्णा गेल्याचं एकदा कळवल्यावर नोव्हेंबरच्या पेन्शनमधले उरलेले ११ दिवसांचे पैसे दोन आठवड्यांत परत वळते झाले. त्याला ॲफिडेव्हिट लागलं नाही, 'राव' आड आला नाही. घ्यायचं होतं तेव्हा एक दाखला पुरला. द्यायचंय तर सात महिने झाले.

१ एप्रिल २०२६ पासून इन्कम टॅक्सचा नवा कायदा, १९६१ च्या जुन्याच्या जागी, कलमं ८१९ ऐवजी ५३६, आर्थिक वर्ष आणि आकारणी वर्ष हा घोळ जाऊन एकच 'कर वर्ष'. चांगलंच आहे, मनापासून वाटतं. पण १५एच सारखा कागद काऊंटरवरून सिस्टिममधे जायचा तो माणसाच्या हातूनच जायचाय.

यंदा एप्रिलमधे, म्हणजे २०२५ च्या, आईचा १५एच आम्ही बँकेच्या ॲपवरून भरला, शिवाय कागदही दिला, पोचेचा फोटो माझ्याकडे, दादाकडे आणि तिच्या फोनमधे. जूनमधे तिमाही संपल्यावर २६एएस उघडून बघितलं, कापलं नव्हतं. तुमच्याही घरी हे करा, तिमाही संपली की बघायचं, मार्चपर्यंत थांबायचं नाही. आणि आईवडिलांच्या दोघांच्या आधारला दोन वेगळे नंबर आहेत का ते दोघं हिंडतेफिरते आहेत तोवर बघून घ्या.

संक्रांतीला कराडला गेले होते तेव्हा आईने दोन्ही पोचांची प्रिंट मागितली. पंच मशीनने भोकं पाडली, खाकी फाईलमधे लावली. मग पहिलं पान काढलं, अण्णांच्या तक्त्याचं, आणि निळा पेन घेऊन त्यांच्या शेवटच्या ओळीखाली, त्यांनीच आखलेल्या रेघेवर, लिहिलं. आ.व. २०२५-२६. १३ सप्टेंबर. पोच मिळाली. रिफंडच्या रकान्यात ११,७०० लिहून थोडा वेळ विचार केला आणि शेजारी लिहिलं, 'यायचे आहेत'.